टिर्सुमचा पूल आणि हिल्केची कडी

टिर्सुम, ९ जानेवारी

प्रिय हिल्के,

नव्या वर्षाच्या शुभेच्छा उशिरा देतेय. आधी एक गोष्ट सांगायची होती आणि ती कशी लिहावी हे सुचत नव्हतं. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी.

आपला पूल आता आपोआप उघडणार. बावीस वर्षं साके हँडल फिरवून तो उचलतोय आणि होड्या गेल्या की खाली आणतोय, पण त्याचे खांदे गेलेत आणि मार्चअखेर तो निवृत्त होतोय. नवा माणूस नेमायचा नाही, कॉम्प्युटर बसवायचा, असं परिषदेनं ठरवलं. तिच्यापुढं दोन पर्याय होते. एक कोर्व्हाला कंपनीचं सॉफ्टवेअर. दुसरा पर्याय शाळेच्या बाईंनी सुचवला, आणि तो म्हणजे तुझी 'कडी'. बाई म्हणाल्या, आपल्याच गावच्या मुलानं लिहिलेला प्रोग्रॅम जगभरची फाटकं आणि पूल चालवतो, फुकट आहे, आत काय लिहिलंय ते कुणालाही वाचता येतं, मग परक्या कंपनीकडं कशाला जायचं?

परिषदेनं कोर्व्हाला निवडली. त्यांचा माणूस आला होता, निळा सूट, दोनशे बारा पानांचा करार. चोवीस तास हेल्पलाइन आहे म्हणाला. नगराध्यक्षांना ते फार आवडलं. "उद्या बिघडलं तर कुणाला तरी फोन करता आला पाहिजे," असं ते तीनदा म्हणाले. मी सचिव म्हणून टिपणं घेत होते. मला त्यात काही बोलायचं नव्हतं.

रागावू नकोस. आई बरी आहे, भाच्याची आठवण काढते. जूनमध्ये तिच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. तू आमेलांडहून एकदा ये ना. बोटीनं पाऊण तास लागतो आणि तुला यायला नऊ वर्षं पुरली नाहीत.

तुझी
ट्रीन्के


आमेलांड, १९ जानेवारी

प्रिय ट्रीन्के,

मी रागावलेलो नाही. नगराध्यक्षांचं म्हणणंही खरं आहे. 'कडी'ला फोन नंबर नाही. मी आहे, आणि मी फोन उचलत नाही. म्हणूनच तर तुझ्याशी कागदावर बोलतो. ईमेल उघडली की जगभरची माणसं मला कामं सांगतात. पत्रातून फक्त नातेवाईक सांगतात.

तुला वाटत असेल, चौदा वर्षं हा माणूस बेटावर बसून करतो काय. सांगतो. 'कडी' एवढंच बघते की आधी दिवा लाल व्हावा, मग अडसर पडावा, मग कुलूप निघावं, आणि मगच जे उचलायचं ते उचलावं. क्रम चुकता कामा नये. सध्या ती एकतीस पूल, काही गोठ्यांची दारं आणि पोर्तुगालमधल्या एका नाट्यगृहाचा पडदा चालवते. हे मला कळलेलं. न कळलेलं किती असेल कोण जाणे, कारण घेऊन जाताना कुणी विचारायची गरज नाही, तसा नियमच मी केलाय.

गेले पाच आठवडे जगभरातली ऐंशी माणसं माझ्या इंटरनेटवरच्या पानावर एका गोष्टीवर भांडतायत. पूल वर असला की प्रोग्रॅमनं त्याला 'उघडा' म्हणायचं की 'बंद'? होडीच्या दृष्टीनं तो उघडा, गाडीच्या दृष्टीनं बंद. एक ब्राझीलचा आणि एक फिनलंडचा आता एकमेकांशी बोलत नाहीत. प्रोग्रॅमच्या आत हात घालून काही दुरुस्त करायचं म्हटलं की मात्र ऐंशीतला एकही दिसत नाही.

मी ठीक आहे. अक्षर वाकडं आलंय ते पेन जुनं आहे म्हणून. आत्याला सांग, जूनमध्ये बघू.

हिल्के


टिर्सुम, ६ एप्रिल

प्रिय हिल्के,

२९ मार्चला उद्घाटन झालं. बँड होता, साखरपाव होता, नगराध्यक्षांनी फीत कापली. पूल मखमलीसारखा वर गेला. मान्य करायला हवं, साकेच्या हातून तो असा कधी गेला नव्हता. निघताना मध्येच दोन सेकंद थांबतो आणि मग वर सरकतो. निळ्या सूटवाल्यानं सांगितलं की हा त्यांचा खास 'सुरक्षा-विराम' आहे, असा दुसऱ्या कुणाकडं नाही.

त्याआधीचे पंधरा दिवस मात्र विचारू नकोस. कोर्व्हालाच्या नियमाप्रमाणं प्रत्येक वापरकर्त्याला स्वतःचं खातं लागतं. मी विचारलं, वापरकर्ता कोण? हेल्पलाइनवरची मुलगी म्हणाली, जो उघडबंद करतो तो. मी म्हटलं, पूल आपला आपण उघडतो. ती म्हणाली, मग पूल. म्हणून पुलाच्या नावानं खातं काढलं. आडनाव पूल, नाव टिर्सुम, जन्म १९११. त्यावर यंत्रणेनं कळवलं की हा कर्मचारी निवृत्तीचं वय ओलांडून गेलाय. मग जन्मसाल १९८१ केलं.

पुढं प्रत्येक नव्या वापरकर्त्यानं 'खुर्चीत बसण्याची योग्य पद्धत' हे प्रशिक्षण पूर्ण करायचं असतं. ते पुलाच्या वतीनं साकेनं केलं. पहिल्यांदा तो नापास झाला. प्रश्न होता, 'दिवसातून किती वेळा उठून उभे राहता?' साकेनं प्रामाणिकपणे लिहिलं, 'उन्हाळ्यात चाळीस वेळा.' यंत्रणेनं पुलाला डॉक्टरांना भेटायला सांगितलं.

साके आता काठावरच्या बाकावर बसतो. सवय आहे म्हणून येतो म्हणतो. जुनं हँडल बसवायचं भोक कंपनीनं वेल्डिंग करून बुजवलं. कुणी हातानं हलवला तर हमी रद्द होते, असं करारात आहे. फक्त खांबावरचं जुनं पिवळं बटण राहिलंय. त्याची तार कंपनीच्या नव्या डब्यात जाते, दाबलं तर काहीच होत नाही, पण काढायला वेगळा अर्ज करावा लागतो, म्हणून ठेवलंय.

पत्र लवकर पाठव. तुझ्या जानेवारीच्या पत्रात थोडी कुरबुर वाटली.

ट्रीन्के


आमेलांड, २८ एप्रिल

प्रिय ट्रीन्के,

कुरबुर नव्हती.

दोन सेकंद थांबतो, असं लिहिलंस. कुलूप निघाल्यावर थांबतो की निघायच्या आधी? साकेला विचार. त्याला नक्की सांगता येईल. घाई नाही.

हिल्के


टिर्सुम, ३ जुलै

प्रिय हिल्के,

पूल अडकलाय. २७ जूनला सकाळी दहाला एका जर्मन कुटुंबाच्या शिडाच्या होडीसाठी वर गेला तो वरच आहे. आज सातवा दिवस.

कारण ऐक. दर नव्वद दिवसांनी प्रत्येक वापरकर्त्यानं पासवर्ड बदलायचा असतो. २७ जूनला पुलाचे नव्वद दिवस भरले. मी नवा पासवर्ड घालायला गेले तर यंत्रणा म्हणाली, वापरकर्त्याच्या मोबाइलवर सहा आकडे पाठवलेत, ते टाका. पुलाकडं मोबाइल नाही. माझा नंबर देते म्हटलं, तर नंबर बदलायला आधी जुन्या मोबाइलवर आलेले सहा आकडे लागतात.

हेल्पलाइन खरंच चोवीस तास चालू असते. सात बटणं दाबली की संगीत लागतं, आणि संगीत चोवीस तास चालू असतं. तिसऱ्या दिवशी माझी तक्रार 'निकाली' काढली. शेरा असा: 'ग्राहकाचा पूल उघडत असल्याची खात्री करून घेतली.' मी पुन्हा लिहिलं, उघडतो ते कळलं, मिटत नाही. तर म्हणाले, मिटण्यासाठी वेगळी तक्रार नोंदवा.

तुला गाव माहीत आहे. या काठाला आम्ही, दवाखाना आणि कचेरी. त्या काठाला आई, बेकरी, चर्च आणि शंभरेक घरं. रस्त्यानं वळसा घालून गेलं तर चोवीस किलोमीटर. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन २२ तारखेला झालं आणि दिवसातून चार वेळा थेंब घालायचे आहेत. शेजारच्या बाउक्येनं दोन दिवस घातले. डोळा कोरडा आणि कान ओला. म्हणून साके मला चार वेळा त्याच्या वल्ह्याच्या होडीतून पलीकडं नेतो. जाताना डॉक्टर, येताना पाव. खांदे गेलेला माणूस. मी म्हटलं, साके, दुखत नाही का? तो म्हणाला, "दुखतंय. बाकावर बसूनही दुखत होतं."

आता खरं सांगते. जानेवारीत मी लिहिलं की मला काही बोलायचं नव्हतं. ते खोटं होतं. परिषदेची मतं चार-चार झाली होती. नगराध्यक्षांनी माझं लेखी मत मागितलं, आणि मी चार पानं लिहिली. फुकटच्या वस्तूला वाली नसतो, लिहिणारा एकटा माणूस आहे, आजारी पडला, कंटाळला, मेला तर काय, असं सगळं. खाली माझी सही आहे. तुझं नाव घातलं नाही, पण तूच डोळ्यांपुढं होतास. आता नगराध्यक्ष ती चार पानं खिशात घेऊन फिरतात आणि मी राजीनामा कधी देते याची वाट बघतात.

तुला या धंद्यातली माणसं माहीत आहेत. हेल्पलाइनवर जिवंत माणूस यायला नक्की काय बोलावं लागतं, तेवढं सांग.

ट्रीन्के

ता. क. साके म्हणतो, कुलूप निघाल्यावर थांबतो.


आमेलांड, ९ जुलै

प्रिय ट्रीन्के,

ती चार पानं मी वाचली आहेत. परिषदेची कागदपत्रं सगळ्यांना बघायला खुली असतात, हे सचिवबाई विसरल्या. जानेवारीत तुझं पत्र यायच्या आधीच वाचली होती. त्यात चुकीचं काही नव्हतं, म्हणून बोललो नाही.

आता माझं ऐक. कुलूप निघाल्यावर दोन सेकंद थांबणं हे 'कडी'चं आहे. चौदा वर्षांपूर्वी कुलपाला किती वेळ लागतो ते मला माहीत नव्हतं, म्हणून अंदाजानं दोन सेकंद धरले. एप्रिलमध्ये तू लिहिलंस तेव्हाच मला शंका आली. कोर्व्हालाच्या डब्यात आत 'कडी'च आहे. वरून त्यांनी नाव बदललंय, पासवर्ड लावलाय आणि खुर्चीत बसायला शिकवलंय. यात बेकायदा काही नाही. घेऊन जा, असं मीच लिहून ठेवलंय. दर सोमवारी त्यांचं यंत्र माझ्याकडं जे नवं असेल ते आपोआप उचलून नेतं. वाचत कुणी नाही.

आणि २८ जूनला, म्हणजे तुझा पूल अडकल्याच्या दुसऱ्या दिवशी, माझ्या पानावर कोर्व्हालाच्या हेल्पलाइनचा संदेश आला: 'तातडीचं. आमच्या ग्राहकाचा पूल मिटत नाही. चोवीस तासांत दुरुस्त करावं, नाही तर प्रकरण वरिष्ठांकडं न्यावं लागेल.' वरिष्ठ म्हणजे कोण, ते मला कळलं नाही. माझ्या वर कुणी नाही. खाली गावाचं नाव होतं, टिर्सुम.

पासवर्ड त्यांचा, त्याला मी हात लावू शकत नाही. पण चूक माझीही आहे. वरून हुकूम आला नाही की 'कडी' आहे तशी थांबते. पुलाशेजारी एक माणूस उभा असेल आणि त्याला पूल मिटवायचा असेल, असा विचार मी कधी केलाच नाही. तुमचं ते पिवळं बटण दाबलं की 'कडी'ला ऐकू येतं. ती लक्ष देत नाही इतकंच. लक्ष द्यायला लावणाऱ्या चाळीस ओळी लिहाव्या लागतील. आठवड्यात करतो.

आत्याच्या डोळ्यांना जप.

हिल्के


टिर्सुम, २४ जुलै

हिल्के,

आठवड्यात करतो म्हणालास. त्याला पंधरा दिवस झाले. कोर्व्हालाला विचारलं तर म्हणतात, 'आमच्या आंतरराष्ट्रीय भागीदाराचं तज्ज्ञ पथक यावर काम करत आहे.' मी नगराध्यक्षांना सांगितलं की तज्ज्ञ पथक म्हणजे माझा मामेभाऊ, लहानपणी ज्याचं डोकं आमच्या गोठ्याच्या गजांत अडकलं होतं तो. त्यांना पटलं नाही. त्यांनी 'मा. तज्ज्ञ पथक, आमेलांड' अशा पत्त्यावर विनंतीपत्र पाठवलंय. मिळालं असेल.

इथं काय चाललंय ते ऐक. मागच्या शुक्रवारी हिस्के आणि ऊनेचं लग्न होतं. नवरानवरी आणि पाहुणे चर्चच्या काठाला, आणि लग्न लावायचा अधिकार असलेली मी या काठाला, कारण साके त्या वेळी एका बाईला दवाखान्यातून पलीकडं घरी सोडत होता. कर्ण्यातून लग्न लावलं. ऊने 'हो' म्हणाला तेव्हाच पर्यटकांच्या बोटीनं भोंगा वाजवला. मला ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा विचारलं. पुन्हा भोंगा. तिसऱ्यांदा तो इतक्या जोरात 'हो' म्हणाला की बोटीवरच्या एका बाईनं टाळ्या वाजवल्या. त्याच्या सासऱ्यानं मला विचारलं, आता हा तीनदा बांधला गेला का?

त्या काठानं स्वतःची परिषद नेमलीय. 'तात्पुरती' म्हणतात, पण शिक्का करायला टाकलाय. आमच्याकडं पाव शिळा मिळतो, म्हणून इथल्या कसायानं पाव भाजायला सुरुवात केलीय. त्याला मांसाचा वास येतो आणि काही लोकांना तो आवडायला लागलाय. कोर्व्हालानं पुलाला समाधान-प्रश्नावली पाठवली. पुलानं सात दिवसांत उत्तर दिलं नाही, म्हणून स्मरणपत्रही आलं.

यावर मी हसू शकते. तुझ्यावर नाही. साकेला आता उजवा हात डोक्याच्या वर नेता येत नाही. त्याची बायको त्याचा सदरा चढवते आणि तो होडीत बसतो. मी त्याला नको म्हणते, तो ऐकत नाही. मी त्या चार पानांत तुला बेभरवशाचा ठरवलं म्हणून तू सूड घेत असशील, तर तो माझ्यावर घे. सरळ तसं लिही. मी राजीनामा देते आणि त्यात लिहिते की हिल्के माझ्यावर रुसलाय म्हणून पूल वर आहे. मी कंपनी निवडली तर ती कंपनी तुझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलापर्यंत येऊन थांबली. तुला निवडलं असतं तरी तिथंच थांबले असते. मग टेबलाशी बसून तू करतोस काय?

ट्रीन्के


आमेलांड, ३० जुलै

प्रिय ट्रीन्के,

हे पत्र लिहायला चार दिवस लागले. चार दिवस विचार करण्यात नाही गेले. लिहिण्यातच गेले.

पेन जुनं नाही. माझे हात कापतात. ऑक्टोबरमध्ये डॉक्टरनं त्याचं नाव सांगितलं. ते नाव तुलाही माहीत आहे, माझ्या वडिलांच्या वेळी तू ते ऐकलंयस. गोळ्या आहेत, सकाळचे दोन तास बरे जातात. त्या दोन तासांत मी दाढी करतो किंवा पत्र लिहितो. दोन्ही होत नाही.

डिसेंबरात मी 'कडी'त एक ओळ बदलायला गेलो आणि एक कळ दोनदा दाबली गेली. पोर्तुगालमधला पडदा गुडघ्याइतका वर गेला आणि तिथंच थांबला. नटांनी एक अख्खा अंक नुसत्या पायांनी केला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रानं त्याची फार स्तुती केली. मी ती बातमी वाचली आणि टेबलावरून उठलो. पडदा होता म्हणून स्तुती झाली. पूल असता तर? त्या दिवसापासून मी 'कडी'ला हात लावलेला नाही.

कुणाला सांगितलं नाही. एकतीस पूल ज्या माणसावर आहेत त्याला कळ धड दाबता येत नाही, हे कुणाला सांगायचं? ऐंशी जणांना सांगितलं असतं तर त्यांनी आजाराच्या नावावर वाद घातला असता. तुला सांगणार होतो, पण तेवढ्यात ती चार पानं वाचली. 'आजारी पडला तर काय.' तू कल्पनेनं लिहिलं होतंस, आणि मी इथं तसाच बसलेलो होतो.

तुझ्या पुलाच्या चाळीस ओळी मला तोंडपाठ आहेत. रोज सकाळी खुर्चीत बसतो, हात कळांवर ठेवतो आणि काढून घेतो.

तज्ज्ञ पथकाला नगराध्यक्षांचं पत्र मिळालं. पथकानं ते दोनदा वाचलं.

हिल्के


टिर्सुम, २ ऑगस्ट

प्रिय हिल्के,

शनिवारच्या सकाळच्या बोटीनं मी आणि साके येतोय. तू सांग, साके टाइप करेल. कळा दाबायला खांदा लागत नाही. त्याला कॉम्प्युटर येत नाही, पण प्रत्येक अक्षर विचारल्याशिवाय तो पुढं जाणार नाही, एवढं मी तुला लिहून देते. मी रविवारी परत येईन, तो लागेल तितके दिवस राहील, होडी तोवर ऊने वल्हवेल. बायकोनं त्याला आठ सदरे दिलेत, सगळे पुढून बटणांचे.

आईनं वाटाण्याचं सूप डब्यात भरून दिलंय. ती म्हणाली, "त्या गाढवाला सांग, आजार लपवायचा असतो तो डॉक्टरांपासून, घरच्यांपासून नाही." तिचं म्हणणं मी जसंच्या तसं कळवतेय, पटतंय असं नाही.

चार पानांबद्दल मला काय वाटतंय ते तिथं येऊन सांगेन. कागदावर नको.

ट्रीन्के


टिर्सुम, १६ ऑगस्ट

प्रिय हिल्के,

पूल खाली आला. काल, मंगळवारी, सकाळी दहा वीसला.

सोमवारी कोर्व्हालाच्या यंत्रानं तुमच्या चाळीस ओळी उचलल्या असणार. मंगळवारी सगळं गाव दोन्ही काठांवर उभं. साके तुझ्याकडून आदल्याच दिवशी परतलेला. नगराध्यक्ष त्याला म्हणाले, "दाबा." साकेनं डाव्या हातानं पिवळं बटण दाबलं. लाल दिवा लागला. मग काही वेळ काहीच झालं नाही, आणि नगराध्यक्षांचा हात खिशातल्या माझ्या चार पानांकडं गेला. मग पूल हलला.

खाली टेकल्यावर कुणीच पुढं होईना. सात आठवडे लोक एकमेकांना पाण्यावरून हाका मारत होते. आता मध्ये रस्ता आला तर काय बोलावं कळेना. त्यांची परिषद शिक्का घेऊन उभी, आमची फीत घेऊन. शेवटी आई निघाली. चाकांचा आधार ढकलत सावकाश पूल ओलांडला, कसायापुढं थांबली आणि म्हणाली, "तुझा पाव खाल्ला मी. होडीतून आला होता. पुन्हा करू नकोस." मग सगळे चालायला लागले.

कोर्व्हालानं कळवलं की त्यांच्या अथक प्रयत्नांनी दोष दूर झाला. शिवाय पुलाला तिमाहीतला सर्वोत्तम वापरकर्ता म्हणून प्रमाणपत्र आलं, कारण सात आठवड्यांत त्यानं एकही चूक केली नव्हती.

परिषदेपुढं मी राजीनामा ठेवला आणि सोबत पाचवं पान. त्यात लिहिलं की माझी पहिली चार पानं एका बाबतीत चुकली. मी विचारलं होतं, एकटा माणूस आजारी पडला तर काय? विचारायचं होतं ते असं, की त्याला एकटा का ठेवलाय? कंपनी घ्या नाही तर फुकटचं घ्या, शेवटी कुणीतरी एक जण खुर्चीत बसलेला असतो, आणि त्याच्या शेजारी दुसरी खुर्ची आहे का, हे आपण करारात कुठंच विचारलं नाही. साकेला आठवड्यातून दोन दिवस गावाच्या नोकरीत घ्यावं आणि कामावर आमेलांडला पाठवावं, असं सुचवलं. शाळेच्या बाईंनी अनुमोदन दिलं. पाच विरुद्ध तीन. राजीनामा नगराध्यक्षांनी परत दिला. म्हणाले, पुढच्या वेळी सही करायला कुणीतरी लागेलच.

साके तुझ्याबद्दल फक्त एवढंच म्हणाला की तू कॉफी फार पातळ करतोस.

ट्रीन्के


आमेलांड, ८ नोव्हेंबर

प्रिय ट्रीन्के,

हे मी सांगतोय आणि साके लिहितोय, एका बोटानं. म्हणून लांबलं तर त्याला बोल.

तो मंगळवारी-बुधवारी येतो. 'कडी'ची एकेक ओळ मोठ्यानं वाचतो आणि प्रत्येक ओळीला विचारतो, "हे कशाला?" चौदा वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. अकरा ठिकाणी मला उत्तर देता आलं नाही. त्या ओळी आम्ही काढून टाकल्या. एकदाही काही पडलं नाही. ऐंशी जणांतल्या त्या फिनलंडच्या माणसानं मागच्या महिन्यात आपणहून एक दुरुस्ती पाठवली. साकेनं ती दोन दिवस वाचली आणि त्याला उत्तर दिलं, 'बरोबर वाटतं. पूल कधी जवळून बघितलाय का?' त्यानं बघितला नव्हता. उन्हाळ्यात तो टिर्सुमला येतोय. त्याला आत्याकडं जेवायला ठेव, तो मासे खात नाही.

आता नवीन प्रकार. ऑक्टोबरपासून साकेचा मोबाइल वाजायला लागला. अनोळखी माणसं. चौकशी केली तेव्हा कळलं की कोर्व्हालानं आम्हाला न विचारता हेल्पलाइनचं सातवं बटण त्याच्या नंबराला जोडलंय. मी संतापलो. म्हटलं, आत्ताच्या आत्ता कडक पत्र लिहू. साके म्हणाला, "राहू दे. कुणीतरी फोन उचलायला नको का?" आणि तेव्हापासून तो उचलतो. "कोणता पूल?" एवढंच विचारतो, मग ऐकत राहतो. निम्म्या लोकांना तो फक्त दिवा बघायला सांगतो.

गेल्या बुधवारी तो दुकानात गेला होता, मोबाइल टेबलावर विसरला. फोन वाजला. तुला माहीत आहे, मी फोन उचलत नाही. तो बराच वेळ वाजत राहिला. मला साकेची वल्ह्याची होडी आठवली, आणि मी उचलला. हातातून एकदा पडला, पुन्हा उचलला.

ग्रोनिंगेनकडच्या कुठल्याशा कालव्याच्या दरवाजाजवळची बाई होती. म्हणाली, "चाळीस मिनिटं बटणं दाबतेय. तुम्ही माणूस आहात का?"

म्हटलं, हो. पण मी हळू आहे.

ती म्हणाली, "हळू चालेल."

हिल्के
(टाइप केलं: साके)